नमुनाबाई आणि जावेच्या मशीनची वायर

थोरल्या जावेनं धाकट्या जावेच्या मशीनची वायर भिंतीतून उपटली, आणि तीही निव्वळ जळून, असं संख्याशास्त्र विभागात बोललं जायचं. मोठ्यानं नव्हे हो. झेरॉक्सच्या मशीनपाशी, जिन्याच्या वळणावर, नाहीतर पेपर तपासायच्या खोलीत मान खाली घालून. विभागात कोणी नवं माणूस रुजू झालं की त्याला स्वतःची खुर्ची मिळायच्या आधी ही गोष्ट मिळायची. सांगणारा आधी दाराकडे बघायचा, मग आवाज खाली आणायचा. दिवसचे दिवस चालू होतं म्हणे ते कॉम्प्युटरचं मशीन, दुसऱ्या दिवशी निवड समिती बसायची होती, आणि ह्या बाईंनी सरळ प्लग ओढला. सख्ख्या जावेचा. ऐकणारा जिभेनं च्च् करायचा आणि पहिली संधी मिळताच थोरल्या बाईंचे हात बघून यायचा.

थोरल्या बाई म्हणजे नमुनाबाई. नाव पोरांनी ठेवलेलं. कोणी काहीही ठामपणे सांगितलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "नमुना किती जणांचा?" वर्गात ते शोभायचं. पण बाई तो प्रश्न पर्समध्ये घालून घरीही न्यायच्या. हल्लीच्या सुनांना घरात लक्ष नसतं, असं सासूबाई म्हणाल्या, की बाई चष्मा नाकावर ओढून विचारणार, "किती सुना पाहिल्यात तुम्ही, आई?" सासूबाईंनी तोवर एकच पाहिलेली होती आणि ती समोर उभी होती. बाईंचा नवरा विमा कंपनीत. माणसं साधारण कधी मरतात ह्याचे तक्ते मांडून मांडून तो गृहस्थ इतका निवांत झाला होता, की बायकोनं आज विचारलेल्या प्रश्नाला उद्या उत्तर द्यायचा. संसार त्यामुळेच सुखाचा होता, असं बाईंचं मत. नमुना एका नवऱ्याचा, हे त्या स्वतःच वर सांगायच्या.

बाईंनी संख्याशास्त्र घेतलं तेव्हा त्या विषयाला स्वतःचं घर नव्हतं. गणित विभागाच्या जिन्याखाली एक खोली होती, तिथे मोडक्या बाकांच्या शेजारी हा विषय पोटभाडेकरूसारखा राहायचा. बाई तिथे तासिका तत्त्वावर शिकवायच्या, म्हणजे तास झाला तर नोकरी, सुट्टी लागली की बेकारी. पीएच.डी.चा विषय होता लहान नमुने, म्हणजे माहिती थोडीच असेल तर माणसानं किती ठामपणे बोलावं. गाईड हुशार, पण झोपाळू. बाईंनी दिलेलं प्रकरण ते उशाशी घेऊन झोपायचे आणि परत मागायला गेलं की विचारायचे, "कोणतं प्रकरण?" मात्र सेमिनारमध्ये तासभर घोरून उठल्यावर ते जो एक प्रश्न विचारायचे, तो बरोबर वर्मावर बसायचा. बाई म्हणायच्या, सर झोपेतही चूक हुंगतात. एक पोर मांडीवर आणि दुसरं पोटात अशा अवस्थेत बाईंनी तो प्रबंध पुरा केला, आणि मग कुठे नोकरीला कायमचा शिक्का बसला. प्राध्यापकपदाची पायरी तेवढी राहिली. दर वेळी तिथे कोणीतरी आधीच पाय पसरून बसलेलं असायचं.

मग दिराचं लग्न झालं आणि वरच्या मजल्यावर धाकटी आली. हसरी, धांदरट, पायात दोन वेगळ्या चपला घालून बाहेर पडणारी. विज्ञानाची पदवी होती, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. एकदा दोघी वाटाणे सोलायला बसल्या असताना तिनं सहज विचारलं, की ताई, तुम्ही दिवसभर शिकवता तरी काय? बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी शेंगा ताटात ओतल्या, एकेका शेंगेतले दाणे वेगवेगळे ठेवायला लावले, आणि सरासरीपासून सुरुवात करून दाण्यांची संख्या शेंगागणिक किती इकडेतिकडे होते तिथपर्यंत पोरीला आणून सोडलं. "सगळ्या शेंगांत सारखेच दाणे असते ना," बाई म्हणाल्या, "तर माझी नोकरी गेली असती."

जेवायला त्या दिवशी सगळ्यांना उशीर झाला. पण बाई खुशीत होत्या. शिकवायला हक्काचं माणूस घरातच मिळालं होतं. प्रवेशाचा अर्ज त्यांनीच आणून दिला, जुनी पुस्तकं दिली, सासूबाईंनी कपाळाला आठी घातली तेव्हा मध्ये उभ्या राहिल्या. धाकटीला त्यांनी हौसेनं शिडी लावून दिली. ती आपल्या डोक्यावरून वर जाईल, एवढं मात्र हिशेबात धरलं नव्हतं.

कारण तेवढ्यात डेटा सायन्स आलं. म्हणजे बाईंच्या मते आलंबिलं काही नव्हतं, आपलीच जुनी सून नवी साडी नेसून पुढच्या दारानं आली होती. पण विभागाचं नशीब उजळलं. जिन्याखालची खोली सुटली, काचेची दारं आली, माणसांना पंखा आणि मशीनला एसी अशी व्यवस्था झाली. धाकटीनं त्या नव्या पाण्यात अशी उडी घेतली की बघत राहावं. बाईंना पीएच.डी.ला जेवढा काळ लागला, तेवढ्यात हिची पीएच.डी. झाली, नोकरी लागली, शोधनिबंध छापून आले आणि परदेशातली दोन व्याख्यानंही होऊन गेली. ह्यात जुळ्या मुली झाल्या, ते वेगळंच.

बाई जळायला लागल्या. एकदम नव्हे, आधी नुसती धग होती. धाकटीच्या यशाचे पेढेबिढे कोणी वाटले की त्या "साखर बंद केलीय" म्हणायच्या. मग सवय लागली. सकाळी दूध गॅसवर ठेवायचं आणि ते तापेपर्यंत मोबाईलवर धाकटीची सायटेशन बघायची, म्हणजे तिच्या निबंधांचा उल्लेख जगात कोणी कोणी केला त्याचा आकडा. आकडा वाढलेला असला की दूध उतू जायचं. घरातल्या लोकांना वाटायचं बाईंना वयामुळे विसरायला होतं. बाईंचा स्वतःचा आकडा भिंतीवरच्या जुन्या फोटोसारखा होता तिथे होता. एकदा तो एकानं वाढला. बाईंचं काळीज लकाकलं. हात पुसून, चष्मा लावून त्यांनी उघडून बघितलं, तर उल्लेख धाकटीनं केलेला. त्या दिवशी दूध तर गेलंच, पातेलंही करपलं.

आणि कुठे परिषदेला गेलं की छातीवरचा बिल्ला वाचून लोक विचारायचे, आडनाव तेच दिसतंय, तुम्ही त्यांच्या कोण? बाई म्हणायच्या, जाऊ. "वा," लोक म्हणायचे, "म्हणजे घरात तुम्हालाही थोडंफार कळत असेल." ह्या वाक्यानं बाईंचा जो तिळपापड झाला, तो परतीच्या प्रवासभर शेजारच्या प्रवाशानं सोसला.

पुढे संस्थेनं डेटा सायन्सचा स्वतंत्र विभाग काढायचं ठरवलं. प्राध्यापकाचं पद एक, तेच विभागप्रमुखाचं. बाईंच्या वयाकडे बघता ही शेवटची गाडी होती, आणि तिच्यात चढायला फलाटावर दोघी उभ्या. सासूबाई म्हणाल्या, कोणालाही मिळू दे, घरातच राहील. बाईंना ते फार लागलं. नवऱ्याला विचारलं तर त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, शक्यता साधारण सारखीच. विमा कंपनीच्या तोंडून ह्याहून जास्त प्रेम निघत नाही.

धाकटीचा हुकमाचा पत्ता म्हणजे छातीचे एक्स-रे. एका इस्पितळानं तिला हजारो फोटो दिले होते. त्यातले बरेचसे ती मशीनला उत्तरासकट दाखवायची, हा आजारी, हा बरा. तो शिकवणीचा गठ्ठा. उरलेले उत्तराशिवाय दाखवून विचारायचं, आता तू सांग. तो परीक्षेचा गठ्ठा. धाकटीचं मशीन परीक्षेत शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर सांगायचं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता, मशीनवर हात ठेवलेला, जणू म्हैस आपलीच आहे. निवड समितीपुढे ती हेच दाखवणार होती.

एका सुट्टीच्या सकाळी धाकटी लॅपटॉप उघडा ठेवून मुलींना अंघोळ घालायला गेली, आणि जाता जाता म्हणाली, "ताई, बघा ना जरा फोटो, कंटाळा आला तर." बाईंना कंटाळा आलेला नव्हता, पण त्या बघायला बसल्या. खोट काढायलाच बसल्या, दुसरं काय. तासाभरात त्यांना एक माणूस भेटला. चेहरा अर्थातच नाही, नुसता सापळा. त्याचं गळ्याखालचं आडवं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. शिकवणीच्या गठ्ठ्यात तो होता. मग परीक्षेच्या गठ्ठ्यातही तेच वाकडं हाड हात वर करून उभं. बाईंनी आणखी शोधलं. एका बाईची एक बरगडी आखूड होती, तीही दोन्हीकडे. इस्पितळात लोक पुन्हा पुन्हा येतात, एकेकाचे पाचसात फोटो निघतात, आणि धाकटीनं सगळे फोटो एकत्र पिसून गठ्ठे पाडले होते. माणसं वेगळी काढलीच नव्हती. म्हणजे मशीन आजार ओळखत नव्हतं. ते माणसं ओळखत होतं, शेजारीण नुसती पाठमोरी दिसली तरी आपण ओळखतो तसं. परीक्षेत गृहपाठाचेच प्रश्न आले तर ढ पोरही पहिला नंबर काढतं.

बाईंच्या पोटात कसं गार गार वाटलं. लॅपटॉप त्यांनी होता तसा ठेवला. दुपारी जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पोरींना गोष्टही सांगितली. काहीच करायचं नव्हतं, हीच तर मजा होती. निवड समितीत बाईंचे ते जुने गाईड येणार होते, आता निवृत्त, कानात यंत्र. ते झोपणार, उठणार आणि नेमकं हेच विचारणार. मग अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा फुगा सगळ्यांदेखत फुटणार आणि गाडीत एकच प्रवासी उरणार. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. बाई आयुष्यात पहिल्यांदाच पोटात गोष्ट ठेवून होत्या, आणि ती पचत होती.

समिती बसायच्या आदल्या दुपारी त्या कॉम्प्युटर रूममध्ये गेल्या. कशाला, तर बघायला. कापायच्या बोकडाला लोक बघायला जातात तसं. मशीन शेवटची फेरी चालवत घुमत होतं. धाकटीनं त्यांना बघताच खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, बरं झालं आलात, तुम्हालाच आधी दाखवायचं होतं. तिनं पडद्यावर व्याख्यानाचं पहिलं पान आणलं. वर विषय, खाली आभार. आभारात एकच नाव होतं. "नमुना कसा निवडावा हे मी ज्यांच्याकडून शिकले, त्या माझ्या थोरल्या जाऊबाई."

बाईंनी ते दोनदा वाचलं.

"आवडलं ना, ताई? छापील प्रती समितीकडे सकाळीच गेल्यासुद्धा."

बाईंच्या डोळ्यांपुढे उद्याचा देखावा बदलला. सर उठणार, प्रश्न विचारणार, फुगा फुटणार, आणि मग सगळी समिती हातातलं पहिलं पान वाचणार. चूक धाकटीची, नाव आपलं. नमुना निवडायला शिकवलं कोणी? ह्या बाईंनी. लहान नमुन्यावर पीएच.डी. केलेल्या, साऱ्या गावाला नमुना विचारत फिरणाऱ्या ह्या बाईंनी. पोटातला गारवा क्षणात उतरला.

त्या खोलीत पुढे काय झालं ते शेवटी येईलच. विभागाला जे कळलं ते एवढं, की मशीन सांभाळणारा ऑपरेटर कॉफी पिऊन परत आला तेव्हा मशीन बंद होतं, पंख्यांची घरघर थांबलेली, पडदा काळा. धाकटी खुर्चीत तोंड झाकून रडत होती. आणि नमुनाबाई भिंतीपाशी उभ्या होत्या, हातात मशीनची वायर घेऊन. ऑपरेटर बिचारा खोटारडा नव्हता. त्यानं जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं, उरलेलं ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरून आणलं.

निवड समितीच्या अध्यक्षांनी धाकटीला बोलावून विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, मशीन बंद पडलं. त्या खाली घातलेल्या मानेनं घात केला. बघा, लोक म्हणाले, जावेला कशी पाठीशी घालतेय. धाकटीला पुढची तारीख मिळाली. बाईंची मुलाखत ठरल्या दिवशीच झाली. प्रश्न सगळे सभ्य होते, फक्त प्रत्येक सदस्य प्रश्न विचारताना त्यांच्या हातांकडे बघत होता. बाई हात मांडीवर ठेवायच्या, मग टेबलाखाली न्यायच्या, मग पुन्हा वर आणायच्या. सर झोपले ते मुलाखत संपेपर्यंत उठलेच नाहीत.

धाकटीनं मधल्या काळात सगळं काम नव्यानं केलं. एका माणसाचे सगळे फोटो एकाच गठ्ठ्यात, मग तो शिकवणीचा असो की परीक्षेचा. अठ्ठ्याण्णवाचे सत्तरावर आले. आधीचा आकडा प्राथमिक होता, तो मागे घेते, असं तिनं समितीला सरळ सांगितलं. सर तेवढ्यात उठले आणि म्हणाले, "माणसं किती, फोटो किती?" धाकटीनं दोन्ही आकडे घडाघडा सांगितले. सरांना इतका आनंद झाला की उरलेलं व्याख्यान त्यांनी जागेपणी ऐकलं. पद धाकटीला मिळालं.

इथवर बाईंनी सोसलं. पण पुढची गोष्ट मात्र त्यांना उभी जाळत गेली. धाकटी आता तो प्रश्न सगळ्यांना विचारायला लागली. कोणी काहीही दाखवायला आणलं, की पहिलं हेच, माणसं किती, फोटो किती? पोरांनी तो प्रयोगशाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून टाकला, पुसू नये म्हणून भोवती चौकोन काढला. बाहेरचे लोक त्याला धाकट्या मॅडमचा प्रश्न म्हणू लागले. एका निबंधात तो तसाच छापूनही आला, आणि धाकटीची सायटेशन आणखी एकानं वाढली. बाई वर्गात जाता-येता त्या फळ्याकडे बघायच्या. आपला दागिना दुसरीच्या गळ्यात बघावा तसं. मागताही येत नव्हता, कारण मागायचा तर तो कधी आणि कुठे दिला तेही सांगावं लागलं असतं.

धाकटीला हे कळत होतं. एकदा स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "ताई, मी सांगून टाकते सगळ्यांना."

"काय सांगशील?"

"खरं ते. लोक तुम्हाला काय काय बोलतात, मला ऐकवत नाही."

"खरं म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं पहिल्या वर्षाच्या पोरासारखी चूक केली, हे? खबरदार." बाईंनी फडकं झटकलं. "जळकी म्हणू देत. जळकी आहेच मी. शिकवायला कच्ची होती, असं कोणी म्हटलेलं मला चालायचं नाही."

"पण पद गेलं ना तुमचं त्यापायी."

"गेलं. मला ते रोज सकाळी दूध तापवताना आठवतं. तू आणखी आठवण करून द्यायची गरज नाही. ते पातेलं नीट पूस."

बाई निवृत्त झाल्या तोवर दोन्ही विभाग एक झाले होते, त्यामुळे निरोपाचं भाषण विभागप्रमुखांनाच करावं लागलं, म्हणजे धाकटीला. ती उभी राहिली, कागद उघडला, आणि वाचता वाचता मध्येच थांबली. आता ही बोलणार, हे समोर बसलेल्या बाईंनी ओळखलं, आणि तिच्याकडे असं बघितलं, की पेपरात कॉपी करणाऱ्या पोराचं पेन गळून पडावं. धाकटीनं कागद मिटला. म्हणाली, ताईंनी मला वाटाणे सोलायला शिकवलं, बाकी सगळं त्यातूनच आलं. सभागृह हसलं. मागच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं, आणि वायर उपटायलाही. बाईंना ते ऐकू आलं. त्यांनी पदर सावरला, पुष्पगुच्छ घेतला आणि घरी येऊन आधी धाकटीचा आकडा बघितला. वाढला होता.

त्या दुपारी कॉम्प्युटर रूममध्ये झालं ते एवढंच. थोरलीनं विचारलं, माणसं किती, फोटो किती? धाकटीनं फोटोंचा आकडा सांगितला, माणसांचा तिनं कधी मोजलाच नव्हता. मग ती खाली वाकली आणि तिनं स्वतःच्या हातानं वायर भिंतीतून उपटली. कोणी अडखळून पडू नये म्हणून थोरलीनं ती जमिनीवरून उचलली.